मते मागून मिळणारे न्यायासन

न्यायाधीशाने मते मागावीत काय, हा प्रश्न भारतात सहसा कोणी विचारीत नाही. येथे न्यायाधीशांच्या नेमणुकीवरून वाद झाले ते शासनाने त्यांना नेमावे की न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत, एवढ्या मर्यादेत. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मुख्यतः न्यायमंडळाच्या हाती घेतला, आणि तो काढून घेण्याचा संसदेचा प्रयत्न २०१५ साली त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. या साऱ्या वादात, न्यायाधीश लोकांनी निवडून द्यावा, असे कोणी गंभीरपणे म्हटले नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारे रामशास्त्री प्रभुणे हा मराठी मनातील न्यायाधीशाचा आदर्श आहे. रामशास्त्री मते मागत दारोदार हिंडत आहेत, ही कल्पनाही मराठी माणसाला विचित्र वाटेल.

परंतु एका भूमीहीन प्रजासत्ताकात न्यायासनाची ही निवडणूक गेली वीस वर्षे नियमाने होत आहे. हे प्रजासत्ताक म्हणजे इंग्रजी विकिपीडिया. २०२५ च्या मे महिन्यात त्यातील लेखांची संख्या सत्तर लाखांवर गेली. तो लिहिणारे लोक पगारी नाहीत, आणि बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. त्यांच्यातील भांडणांचा अखेरचा निवाडा करण्यासाठी पंधरा जणांची एक लवाद समिती असते. तिच्या रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी दरवर्षी नोव्हेंबरात उमेदवारी जाहीर होते आणि नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या आरंभी मतदान होते. पगार, मानधन, निवासस्थान यांपैकी काही नसताना लोक या जागेसाठी उभे राहतात आणि महिनाभर आपल्या चारित्र्याची उलटतपासणी सोसतात. ही एका छंदिष्ट मंडळाची घरगुती बाब समजून सोडून देणे सोपे आहे. पण दिल्लीच्या न्यायालयापासून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत अनेकांचा या प्रजासत्ताकाशी आता थेट संबंध आला आहे. म्हणून तेथील न्याय कसा होतो, आणि करणारे कसे निवडले जातात, हे पाहणे अगत्याचे ठरते.

संस्थापकाची सत्ता

ज्ञानकोशाला न्यायाधीश लागतोच कशाला, ही शंका स्वाभाविक आहे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशात लेखकांचे मतभेद झाले, तर ते प्रमुख संपादकाच्या मेजापाशी संपत. तेथे अधिकार वरून खाली येत होता. विकिपीडियाने २००१ साली तो अधिकारच मोडीत काढला. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, हा त्याचा मूळ नियम. ज्या घरात कोणीच कर्ता नाही तेथे भांडणे फार, आणि ती मिटविण्याची सोय कमी. पहिली दोन-तीन वर्षे अखेरचा शब्द संस्थापक जिमी वेल्स यांचा असे. एखाद्याला हद्दपार करावयाचे की नाही हे तेच ठरवीत. पण लोकसंख्या वाढली तसे एकट्याने न्यायदान करणे अशक्य झाले. २००३ च्या अखेरीस त्यांनी लवाद समितीची घोषणा केली आणि २००४ च्या आरंभी ती कामाला लागली.

पहिले सदस्य वेल्स यांनीच नेमले. त्याच वर्षी निवडणुका सुरू झाल्या, तरी आरंभीच्या काळात मतदानाचा कौल सल्ल्यासारखा मानला जाई आणि नेमणुकीचा अखेरचा अधिकार संस्थापकाकडेच राही. पुढे रूढीने आणि नियमाने तो अधिकार आकसत गेला. २०११ साली समाजाने सार्वमताने लवादाची नियमावली संमत केली. राजाने सनद द्यावी, सनदेतून न्यायालय उभे राहावे आणि हळूहळू न्यायालयाने राजाची जागा सनदेपुरती उरवावी, हा क्रम इतिहासाला अपरिचित नाही. इंग्लंडला त्यासाठी शतके लागली. येथे तो सात-आठ वर्षांत पार पडला.

या न्यायालयाच्या अधिकाराची मर्यादा आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. लेखात काय लिहावे हे समिती ठरवीत नाही. ती लिहिणाऱ्यांच्या वर्तनाचा निवाडा करते. कोणी खोटी खाती काढून बहुमताचा आभास निर्माण केला काय, कोणी प्रशासकपदाचा दुरुपयोग केला काय, कोणी संदर्भांचा विपर्यास केला काय, एवढेच ती पाहते. निकालाची मांडणीही न्यायालयासारखी असते: प्रथम तत्त्वे, मग सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीची कलमे, मग उपाय. प्रत्येक कलमावर सदस्य स्वतंत्रपणे आणि उघडपणे मत नोंदवितात. विशिष्ट विषयावर लिहिण्यास मनाई, प्रशासकपद काढून घेणे, पूर्ण हद्दपारी, ही तिची शस्त्रे आहेत. मराठेशाहीतील गोतसभा गावच्या वतनाचा तंटा तोडून महजर करून देत असे. त्या सभेत बसणारे आणि तंट्यातले पक्षकार एकाच गावचे असत. विकिपीडियाचा लवाद या अर्थाने सरकारी न्यायालयापेक्षा गोतसभेला अधिक जवळचा आहे.

उमेदवाराची परीक्षा

आता या न्यायासनाचा उमेदवार मते कशी मागतो ते पाहावे. उमेदवारीसाठी ज्ञानकोशाच्या मुख्य लेखांत किमान पाचशे संपादने केलेली असावी लागतात. त्याच्यावर त्या वेळी बंदी असता कामा नये. तो सज्ञान असावा लागतो, कारण त्याला गोपनीय माहिती हाताळावी लागते. पूर्वी कोणत्याही अन्य नावाने लिहिले असेल तर ते त्याने जाहीर करावे, किंवा खाजगी कारण असल्यास समितीला कळवावे, हीही अट आहे. आपले निवेदन त्याला चारशे शब्दांत आटपावे लागते. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. कोणताही मतदार प्रश्न विचारू शकतो. 'अमुक वर्षी अमुक प्रकरणात तुम्ही असे का वागलात?', 'अमुक निकालाशी तुम्ही सहमत आहात काय?', अशा प्रश्नांची उत्तरे कायमची नोंदली जातात. उमेदवाराने गेल्या दहा-पंधरा वर्षांत लिहिलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य, प्रत्येक भांडण आणि प्रत्येक माफी कोणालाही तारखेसह काढून पाहता येते. जगातील दुसऱ्या कोणत्याही निवडणुकीत उमेदवाराचे पूर्वायुष्य मतदारासमोर इतके उघडे नसते.

मतदानाची पद्धतही विचारपूर्वक घडविली आहे. मतदार प्रत्येक उमेदवारापुढे 'अनुकूल', 'प्रतिकूल' किंवा 'तटस्थ' अशी नोंद करतो. अनुकूल व प्रतिकूल यांच्या बेरजेत अनुकूल मते किती टक्के, यावर क्रम लागतो. निम्म्याहून कमी पाठिंबा मिळाला तर जागा रिकामी राहिली तरी उमेदवार निवडून येत नाही. साठ टक्के गाठणाऱ्यास दोन वर्षांची मुदत मिळते, त्याखालील यशस्वी उमेदवारास एक वर्षाची. २००८ पर्यंत मते सहीनिशी उघडपणे दिली जात. २००९ पासून मतदान गुप्त झाले. मतांची छाननी इतर भाषांतील अनुभवी कार्यकर्ते करतात, म्हणजे स्थानिक गटबाजीचा त्यांना स्पर्श होऊ नये.

प्रतिकूल मताच्या या तरतुदीतच न्यायाधीशाच्या निवडणुकीतील मूळ विसंगती लपलेली आहे. ज्याने अवघड प्रसंगी निर्णय घेतले त्याने माणसे दुखावलेली असतात, आणि ती माणसे स्मरणपूर्वक प्रतिकूल मत देतात. जो कशातच पडला नाही त्याला शत्रू नसतात. विद्यमान सदस्य पुन्हा उभा राहिला तर ज्यांच्याविरुद्ध त्याने निकाल दिला, त्यांपैकी हद्दपार न झालेले सारे मतदार असतात. म्हणजे ज्या गुणासाठी न्यायाधीश हवा, तोच गुण निवडणुकीत त्याला नडण्याचा संभव असतो. ही विसंगती नियमांनी पूर्णपणे मिटत नाही. ती मिटते ती मतदाराच्या विवेकाने. ज्याने आपल्याविरुद्ध निकाल दिला तो माणूस न्यायी होता, असे म्हणण्याची तयारी ज्या समाजातील पुरेशा लोकांत असते, तेथेच निवडलेला न्यायाधीश टिकतो.

निवडणुकीऐवजी नेमणूक केल्याने संकट टळते, असेही नाही. २००७ च्या फेब्रुवारीत समितीतील एका रिकाम्या जागेवर वेल्स यांनी, विद्यमान सदस्यांच्या पाठिंब्याने, निवडणुकीविना एका सदस्याची नेमणूक केली. हा गृहस्थ स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवीत असे. 'न्यूयॉर्कर' या प्रतिष्ठित साप्ताहिकाने २००६ साली त्याचा तसा उल्लेखही केला होता. प्रत्यक्षात तो चोवीस वर्षांचा तरुण होता आणि त्या पदव्या त्याच्याकडे नव्हत्या. साप्ताहिकाला खुलासा छापावा लागला आणि मार्चच्या आरंभी त्याला सर्व पदे सोडावी लागली. टोपणनाव घेणे हा अपराध नव्हता. अपराध होता खोट्या अधिकाराच्या बळावर इतरांशी वाद जिंकण्याचा. जेथे माणसाचे खरे नाव ठाऊक नसते, तेथे त्याच्या वर्तनाची नोंद हीच त्याची ओळख. ती नोंद न तपासता दिलेले पद कसे कोसळते, हे या प्रकरणाने दाखविले.

खऱ्या राज्यांतील अनुभव

न्यायाधीशांच्या निवडणुकीचा प्रयोग खऱ्या राज्यांतही चालू आहे, आणि त्याचा अनुभव उत्साहवर्धक नाही. १ जून २०२५ रोजी मेक्सिकोने सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांसह शेकडो न्यायाधीश थेट मतदानाने निवडले. मतदान झाले सुमारे तेरा टक्के. मतदारांच्या हाती अनोळखी नावांच्या लांबलचक याद्या होत्या, आणि कोणाला मत द्यावे हे सांगणाऱ्या निनावी चिठ्ठ्या ठिकठिकाणी वाटल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. बोलिव्हियात २०११ साली असाच प्रयोग झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक मते कोरी किंवा बाद निघाली. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ही प्रथा जुनी आहे. तेथील दुखणे पैशाचे. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने न्यायाधीशाच्या उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार निवडून आला आणि त्याच कंपनीविरुद्धचा पाच कोटी डॉलरचा निवाडा रद्द करणाऱ्या बहुमतात सामील झाला. अशा न्यायाधीशाने त्या खटल्यातून दूर व्हावयास हवे होते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरविले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

या उदाहरणांशेजारी विकिपीडियाची निवडणूक ठेवली म्हणजे फरक लक्षात येतो. तेथेही मतदारांसाठी मार्गदर्शक टिपणे निघतात. परंतु ती लिहिणाऱ्याच्या सहीने निघतात आणि उमेदवार त्यांना उत्तर देऊ शकतो. मतदानासाठी दीडशे संपादनांची आणि अलीकडच्या सहभागाची अट असते. म्हणजे मतदार स्वतः त्या कामात मुरलेला असतो. पदाला पैसा नसल्याने पैसा लावण्याचे प्रलोभनही कमी. यावरून निघणारा निष्कर्ष असा की, न्यायाधीशाची निवडणूक स्वतःच चांगली किंवा वाईट नसते. मतदाराला उमेदवाराचे वर्तन ठाऊक असेल, पदापासून लाभ नसेल आणि न्यायालयाचा अधिकार आखीव असेल, तरच ती सह्य होते. या तीन अटी कोट्यवधींच्या देशात पुऱ्या होणे जवळजवळ अशक्य आहे. काही हजार कार्यकर्त्यांच्या समाजात त्या पुऱ्या होऊ शकतात. म्हणून विकिपीडियाच्या दाखल्यावरून देशाच्या न्यायाधीशांची निवडणूक घ्यावी, असे म्हणणाऱ्याचे प्रतिपादन फोल ठरेल.

न्यायालयाची कसोटी

निवडून आलेले हे न्यायालय स्वतंत्रपणे वागू शकते काय? काही प्रसंगी त्याने ते सिद्ध केले आहे. २००९ साली समितीने सायंटॉलॉजी पंथाच्या मालकीच्या संगणक-पत्त्यांवरून होणारे लेखन बंद केले. त्याच निकालात पंथाच्या काही विरोधकांवरही निर्बंध घातले. इस्रायल-पॅलेस्टाइन विषयावरील वादात २०२५ च्या जानेवारीत दोन्ही बाजूंच्या मिळून आठ संपादकांना त्या विषयावर लिहिण्यास मनाई झाली. दोन्ही पक्ष नाराज झाले, हे निकाल न्याय्य असल्याचे प्रमाण नव्हे. पण मतांसाठी निकाल दिला नाही, याचे ते चिन्ह मानता येईल.

अधिक कठीण कसोटी २०१९ साली लागली. विकिपीडियाची यंत्रणा चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने त्या जूनमध्ये एका प्रशासकावर परस्पर वर्षाची बंदी घातली. पुरावा आणि तक्रारदार दोन्ही गुप्त. समाजात प्रक्षोभ झाला आणि वीसहून अधिक प्रशासकांनी पदे सोडली. अखेर प्रतिष्ठानाने प्रकरण लवाद समितीकडे सोपविले. समितीने सप्टेंबरात बंदी रद्द केली, पण त्या गृहस्थाचे प्रशासकपद मात्र परत दिले नाही. मालकाचा हुकूम डोळे मिटून मान्य करणे किंवा लोकक्षोभावर स्वार होणे, हे दोन्ही सोपे मार्ग समितीने टाळले. निवडणूक लढविलेल्या माणसांकडून हे घडले, ही त्या निवडणुकीची जमेची बाजू होय.

असे न्यायालय नसते तर काय होते, याचे उत्तर क्रोएशियन विकिपीडियाने दिले. तेथे काही वर्षे प्रशासकांच्या एका लहान राष्ट्रवादी गटाने सूत्रे हाती ठेवली, दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशी राजवटीची कृत्ये सौम्य करून मांडली आणि विरोध करणाऱ्यांना हाकलले. २०१३ साली त्या देशाच्या शिक्षणमंत्र्याने विद्यार्थ्यांना तो ज्ञानकोश न वापरण्याचा सल्ला दिला. या गटाचे वर्चस्व मोडण्यास २०२०-२१ साल उजाडावे लागले. लहान समाज, मोजके प्रशासक आणि त्यांच्यावर दाद मागण्यास जागा नाही, एवढे एकत्र आले की ज्ञानकोशाचे प्रचारपत्रक होण्यास वेळ लागत नाही.

भारताचा संबंध

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. भारत-पाकिस्तानविषयक लेखांवरील भांडणे २००७ सालीच लवादापुढे गेली होती आणि पुढे या विषयक्षेत्रावर विशेष निर्बंध आले. जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरील लेखातील मजकूर बदनामीकारक असल्याचे सांगून दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा केला. न्यायालयाने संबंधित संपादकांची ओळख प्रतिष्ठानाकडे मागितली. पुढे उभयपक्षी संमतीने, नावे जाहीर न करता समन्स पोचविण्याचा मार्ग निघाला. खटल्याविषयीचा लेख काढून टाकण्याचा आदेशही झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी प्रतिष्ठानाला नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला.

बदनामी झालेल्या माणसाला देशाच्या न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे, याबद्दल दुमत नाही. टोपणनाव हे कायद्यापासून पळण्याचे कवच होऊ शकत नाही. परंतु ज्या निवडणुकीचा येथवर विचार केला, तिचा सारा डोलारा टोपणनावाच्या सुरक्षिततेवर उभा आहे, हेही विसरता येणार नाही. वादग्रस्त विषयांवर निकाल देणाऱ्या सदस्याचे नाव-गाव उद्या पोलिसांच्या वहीत जाणार असेल, तर त्या जागेसाठी उभा राहील कोण? आताच, जागांच्या मानाने उमेदवारांची संख्या फारशी मोठी नसते. भीती वाढली तर उरतील ते दोनच प्रकारचे लोक: ज्यांना गमावण्यासारखे काही नाही असे, आणि ज्यांच्या पाठीशी एखादी सत्ता आहे असे. या दोघांपैकी कोणाच्याही हाती न्याय सुरक्षित नसतो.

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही यातून धडा घेता येईल. मराठीत नियमित लिहिणारे हात मोजके आहेत, आणि इतिहास, जात, संतपरंपरा हे विषय मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे तसेच संतापाचे आहेत. येथील मजकुरावर आक्षेप असणाऱ्याला आज दोन वाटा सोप्या वाटतात: गप्प बसणे किंवा पोलिसांत जाणे. स्वतः लेखणी घेऊन पुरावा मांडावा, मतभेद झाल्यास आपल्यातल्याच विश्वासू माणसांपुढे न्यावा आणि निकाल विरुद्ध गेला तरी मानावा, ही तिसरी वाट अधिक कष्टाची आहे. ती बांधण्यासाठी शासनाच्या अनुदानापेक्षा शंभर-दोनशे चिकाटीचे लेखक अधिक उपयोगी पडतील.

रामशास्त्र्यांना पेशव्यांनी नेमले होते, आणि त्यांचे मोठेपण नेमणुकीत नसून पद सोडण्याच्या तयारीत होते. विकिपीडियाच्या लवादासाठी उभा राहणारा टोपणनावाचा उमेदवार त्यांच्या तोलाचा असतो, असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्यांच्याविरुद्ध निकाल द्यावयाचा त्यांच्याकडेच मत मागावयाचे, आणि निवडून आल्यावर त्या मताचे ऋण विसरावयाचे, एवढे धैर्य त्यालाही लागते. न्यायाधीश निवडणारा समाज प्रत्येक निवडणुकीत उमेदवाराबरोबर स्वतःचीही परीक्षा देत असतो. उद्या आपल्याविरुद्ध निकाल देऊ शकेल अशा माणसाला आज मत देण्याची ज्याची तयारी नाही, त्या समाजाने न्यायाधीश निवडला काय आणि नेमला काय, त्याच्या पदरी न्याय पडणार नाही.